जिंतूर रोडचं अप-डाऊन : पेट्रोल 118 झालं तेव्हा आम्ही पाच जणांनी काय केलं

आमच्याकडं कम्यूट वगैरे कुणी म्हणत नाही, अप-डाऊन म्हणतात. परभणीत राहायचं आणि नोकरी तालुक्याला नाहीतर खेड्यावर, सकाळी जायचं संध्याकाळी यायचं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक, बँकेतले, दवाखान्यातले, सकाळी नऊला जिंतूर रोडला उभं राहिलं तर निम्मं परभणी बाहेर पडताना दिसतं. मी त्यातलाच एक. बोरीच्या पुढं फाट्यावरून आत दोन किलोमीटर आमचं हायस्कूल, घरापासून 34 किलोमीटर, म्हणजे रोजचे 68. बारा वर्षं मोटारसायकलवर काढली. मग 2021 ला पेट्रोलनं असा काही दणका दिला की ती सवय मोडली, पण ती कशी मोडली, मधी कायकाय झालं, कोणता उपाय टिकला आणि कोणता सोळा दिवसांत बसला, ते सगळं हिशोबासकट लिहून ठेवावं वाटलं. हिशोबाची वही माझ्याकडंच होती म्हणून आकडे आहेत.

आधी परभणीचंच का ते सांगतो, कारण बाहेरच्या लोकांना नवल वाटतं की मुंबई-पुण्यापेक्षा परभणीत पेट्रोल महाग कसं. आमच्याकडं पेट्रोल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, टँकरनं, तीनशे किलोमीटरच्या वर अंतर, त्या वाहतुकीचा खर्च लिटरमागं चढतो. गंमत म्हणजे तेव्हा व्हॅट मुंबई-ठाणे-नवी मुंबईत 26 टक्के आणि बाकी महाराष्ट्रात 25 टक्के होता, वर दोन्हीकडं लिटरला 10 रुपये 12 पैसे अधिभार, म्हणजे टक्का आमचा कमी असूनही भाव आमचा जास्त. त्यामुळं राज्यात पेट्रोल वाढलं की टीव्हीवाले पहिलं नाव परभणीचं घेतात, आमच्या गावाचं नाव देशभर गेलं ते असं, त्याचं वाईट वाटायचं.

2020 च्या फेब्रुवारीत आमच्याकडं लिटर 80 च्या आसपास होतं. मग लॉकडाऊन. जगात कच्चं तेल पडलं, पण मे 2020 मध्ये केंद्रानं पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क एकदम 10 रुपयांनी वाढवलं (मार्चमध्ये 3 वाढवलेच होते), त्यामुळं पडलेल्या भावाचा फायदा पंपापर्यंत आलाच नाही. आणि शाळा बंद असल्यामुळं तेव्हा आमच्या लक्षातही आलं नाही, गाडी अंगणातच होती ना. फेब्रुवारी 2021 मध्ये परभणीत प्रीमियम पेट्रोल शंभराच्या वर गेलं, मग चार राज्यं आणि पुद्दुचेरीच्या निवडणुका होईपर्यंत भाव जवळजवळ थांबून राहिला, 4 मे पासून परत चढायला लागला आणि त्याच महिन्यात साधं पेट्रोलही शंभर पार. मुंबईत शंभर झालं ते 29 मे ला. तोपर्यंत आमच्याकडं ती जुनी बातमी झाली होती.

खरा फटका बसला 4 ऑक्टोबर 2021 ला. ग्रामीण भागात पाचवी ते बारावी शाळा सुरू झाल्या, मधला थोडा काळ सोडला तर दीड वर्षानं. पोरं बघून जीव भरून आला, पण पहिल्याच आठवड्यात पंपावर उभं राहून मीटरकडं बघताना छातीत धस्स झालं. माझी 125 ची गाडी, चांगल्या रस्त्यावर 55 देते, पण जिंतूर रोडचं काम तेव्हा कित्येक वर्षं रखडलेलं, एका बाजूला खोदून ठेवलेलं, एका बाजूला धुरळा, सारखं दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर, त्यामुळं 45 च्या वर मिळायचंच नाही. महिन्याचे 24 दिवस धरले तर 1632 किलोमीटर, 36 लिटर. 80 रुपयानं हे व्हायचं 2900. नोव्हेंबरच्या सुरुवातीला आमच्याकडं 118 झालं तेव्हा तेच 4280. महिन्याला जवळपास 1400 रुपये जास्त, आणि बदल्यात एक किलोमीटरही जास्त नाही. हे फक्त माझं. बायको सेलूला शाळेत आहे, तिचं आणखी वेगळं.

तिचं आधी सांगून टाकतो कारण त्यातच सगळी गोम आहे. लग्न झाल्यापासून ती सेलूला रेल्वेनं जायची. महिन्याचा पास साडेतीनशेच्या आतला. पेट्रोल 60 असो का 80, तिला फरकच पडायचा नाही. मार्च 2020 ला गाड्या बंद झाल्या, आणि परत सुरू झाल्या त्या स्पेशल म्हणून, रिझर्वेशन असेल तरच चढा, पास चालणार नाही, आणि पॅसेंजर गाड्या तर बंदच. शाळा उघडल्या तेव्हा पासचं सगळं घोळातच होतं, कोणत्या गाडीला चालतो कोणत्या नाही हे स्टेशनावर गेल्याशिवाय कळायचं नाही. तिच्या ग्रुपनं मग क्रूझर लावली, एका सीटला महिन्याला 3000. म्हणजे 350 चे 3000 झाले. आमच्या घरात पेट्रोल महाग झाल्याचा सगळ्यात मोठा मार माझ्या मोटारसायकलनं नाही दिला, बायकोचा पास बंद झाल्यानं दिला. हे मला वही लिहायला लागल्यावर कळलं, तोपर्यंत मी पंपावरच्या आकड्यालाच शिव्या घालत होतो.

तर ऑक्टोबरमध्ये शाळेत आम्ही पाच जण परभणीहून येणारे. विज्ञानाचे सर (त्यांच्याकडं कार आहे), मी, हिंदीच्या मॅडम, आमचे क्लार्क, आणि एक नवीन लागलेले तरुण सर. पाच माणसं, चार मोटारसायकली आणि मॅडम एसटीनं. एकाच रस्त्यानं, एकाच वेळेला, पुढंमागं दहा मिनिटांच्या अंतरानं. आज लिहिताना हे वेडेपणाचं वाटतं पण बारा वर्षं कुणाला खटकलं नव्हतं.

पहिला उपाय साहजिकच डबल सीट. मी आणि क्लार्क, एक दिवस त्यांची गाडी एक दिवस माझी. खर्च सरळ निम्मा. पण तो रस्ता आणि मागं बसलेला माणूस. दोन आठवड्यात क्लार्कची पाठ धरली आणि माझा खांदा. शिवाय घरी जायची वेळ दोघांची एक नाही, त्यांना कार्यालयीन काम संपवून थांबावं लागतं, मला घरी पोराचा अभ्यास. खर्च वाचतोय हे दिसत असूनही आम्ही दिवाळीच्या सुट्टीपर्यंत कसंबसं ओढलं. पैसे वाचतात म्हणून माणूस दुखणं किती दिवस सहन करतो, तर आमच्या अनुभवात सोळा दिवस.

दुसऱ्या बाजूला मॅडमचं. 26 ऑक्टोबर 2021 ला एसटीची भाडेवाढ झाली, 17 टक्क्यांच्या वर. त्याला दोन आठवडे होत नाहीत तर कर्मचाऱ्यांचा संप राज्यभर पसरला, एसटी सरकारात विलीन करा या मागणीसाठी, आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एकूण एक आगार बंद. मी त्या संपाबद्दल वाईट बोलणार नाही, कंडक्टर-ड्रायव्हर लोकांचे पगार काय होते आणि किती उशिरा व्हायचे ते आम्हाला माहीत होतं, आमच्याच वर्गातल्या पोरांचे बाप त्यात होते. पण परिस्थिती बघा कशी झाली : पेट्रोल तोपर्यंतच्या इतिहासात सगळ्यात महाग, रेल्वेचा पास बंद, एसटी बंद. पेपरात तेव्हा लेख यायचे, लोकांनी आता सार्वजनिक वाहतुकीकडं वळावं म्हणून. कुठं वळायचं?

4 नोव्हेंबरला केंद्रानं शुल्क 5 रुपयांनी कमी केलं. व्हॅट हा शुल्कासकट किमतीवर लागतो म्हणून प्रत्यक्षात पावणेसहा-सहा रुपये उतरलं, मुंबईत 115.85 चं 109.98 झालं, आमच्याकडं 113 च्या आसपास आलं. दिवाळीत तेवढाच दिलासा.

गाडीचा हिशोब

सुट्टीनंतर विज्ञानाच्या सरांनीच विषय काढला. "माझी गाडी काढतो, पण हिशोब आधी करा, मग मैत्री ठेवा." हे त्यांनी म्हणलं ते फार बरं केलं. स्टाफरूममध्ये फळ्यावर मांडलं आम्ही. कार 18 देते, 68 किलोमीटरला पावणेचार लिटर, 113 नं 427 रुपये. टायर, ऑईल, सर्व्हिसिंग यासाठी रोजचे 100 धरायचे. झाले 527. पाच जणांत 105. मोटारसायकलवर एकट्याचे 171 जात होते. आता खरी मेख इथं आहे : चार जण असले तर माणशी 132, तीन असले तर 176, म्हणजे तिघांत कार मोटारसायकलपेक्षा महाग पडते. कारची सगळी स्वस्ताई चौथ्या आणि पाचव्या माणसात आहे. एक जण रजेवर गेला की उरलेल्यांचं वाढतं, दोघं गेले की अर्थच राहत नाही.

म्हणून ठरलं की रोजचे पैसे नाहीत, महिन्याची सीट. 2500 रुपये, आलात तरी द्या, नाही आलात तरी द्या. यावरून चर्चा तासभर चालली. तरुण सरांचं म्हणणं, "मी रजेवर असलो तर मी का देऊ?" क्लार्कनी समजावलं की तुमची सीट रिकामी असली तरी गाडी तेवढंच पेट्रोल पिणार. शेवटी असं ठरलं की सलग सहा दिवसांपेक्षा जास्त रजा असेल तर तेवढे दिवस वजा, एक-दोन दिवसाचं वजा नाही. भाव लिटरला 5 रुपयांपेक्षा जास्त हलला तर सीट परत ठरवायची. सकाळी 9.20 ला शेवटचा थांबा, पाच मिनिटं वाट बघायची, मग गाडी सुटणार, फोन करून "निघालोच" म्हणायचं नाही. वही मी ठेवायची. आणि एक गोष्ट सरांनी स्वतःहून सांगितली की पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं नेता येत नाहीत, आपण एका शाळेतले लोक खर्च वाटून घेतोय एवढंच, त्यामुळं नफा एक रुपया नको आणि रस्त्यात हात दाखवणाऱ्या अनोळखी माणसाला पैसे घेऊन बसवायचं नाही. बरोबर होतं ते. काही झालं तर इन्शुरन्सवाले पहिला प्रश्न तोच विचारतात.

तेव्हा कोरोनाही गेलेला नव्हता. पाच जण एका बंद गाडीत, मास्क लावून, काचा उघड्या, जिंतूर रोडचा धुरळा आत. मॅडमच्या घरी म्हातारी सासू, त्या महिनाभर यायला तयार नव्हत्या, पण एसटी बंद, दुसरा इलाज नाही. जानेवारीत ओमायक्रॉनमुळं शाळा परत दोन आठवडे बंद झाल्या तेव्हा सीटच्या पैशाचा पहिला वाद झाला. सरांनी पेट्रोलचे पैसे सोडून दिले आणि फक्त देखभालीचे घेतले. तेवढ्यावर मिटलं.

गाडी चालली, आणि नुसती चालली नाही, छान चालली. माझा महिन्याला 1600 रुपये फायदा, पाठ-खांद्याचं दुखणं बंद. येताना पोरांच्या अडचणी बोलणं व्हायचं, कुणाचं पोरगं ऊसतोडीला चाललंय, कुणाची पहिली सहामाही बुडाली, त्यातून दोन-तीन कामं खरंच मार्गी लागली. 22 मार्च 2022 पासून भाव परत चढायला लागले, साडेचार महिने गोठलेले होते, सोळा दिवसांत 14 वेळा वाढ, लिटरला 10 रुपये. मुंबईत 120.51, आमच्याकडं 123 च्या पुढं. सीट 2700 केली. मोटारसायकलवर असतो तर 4460 गेले असते. त्या एप्रिलमध्ये आमच्या पाच जणांना भाववाढ पेपरात वाचायची गोष्ट वाटली एवढं म्हणायला हरकत नाही.

पण पोरींचं काय झालं ते सांगितल्याशिवाय हे प्रकरण पूर्ण होत नाही. गावाच्या आजूबाजूच्या दोन वस्त्यांवरून आमच्याकडं मुली येतात, मुलींना शाळेसाठी एसटीचा पास फुकट असतो, अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे. दहावीतल्या नऊ जणी त्या एका बसवर होत्या. संप झाला आणि त्या नऊ जणींची शाळा बापाच्या मोटारसायकलवर आली. आणि खेड्यात पेट्रोल पंपावरचं नाही मिळत हो, पंप बारा किलोमीटरवर, गावात टपरीवर बाटलीत मिळतं आणि ते पंपाच्या भावाच्या वर दहा-पंधरा रुपये लावून. म्हणजे आम्ही पगारदार माणसं 113 नं रडत होतो आणि तो सोयाबीन विकून बसलेला बाप 125 नं लिटर घेत होता, पोरीला शाळेत सोडायला, मग परत न्यायला, दोन फेऱ्या. एक बाप मला म्हणला, "सर, पोरीला शिकवायचं मन आहे, पण रोज शंभराची नोट कुठून काढू?" काहींनी मिळून टमटम लावली, काही आठवड्यातून तीन दिवस यायच्या. दोघी तर थेट परीक्षेलाच आल्या. त्या वर्षी बोर्डानं शाळा तिथं केंद्र दिलं होतं म्हणून निदान परीक्षेला तरी लांब जावं लागलं नाही. संप एप्रिलमध्ये कोर्टानं कामावर यायची मुदत दिल्यावर मिटला, तोपर्यंत दहावी होऊन गेली होती. आमच्या पाच जणांच्या गाडीचं कौतुक मी वर एवढं लिहिलं, पण आमच्याकडं पगार होता, कार होती, फळ्यावर हिशोब मांडायला सवड होती. त्या नऊ जणींकडं यातलं काहीच नव्हतं आणि त्या पाच महिन्यांत त्यांच्यासाठी आम्ही फारसं काही करू शकलो नाही, हे मला अजून टोचतं.

21 मे 2022 ला केंद्रानं परत शुल्क 8 रुपयांनी कमी केलं, 15 जुलैला राज्यानं व्हॅट 5 रुपयांनी, आणि आमच्याकडं भाव 109 च्या आसपास येऊन थांबला. मला वाटलं आता लोक परत मोटारसायकली काढतील. एकानंही काढली नाही. तरुण सर सोडले तर, त्यांचं लग्न ठरलं होतं, त्यांना मधीच जिंतूरला जायचं असायचं, ते महिना-दोन महिने स्वतंत्र यायचे पण सीटचे पैसे मात्र नेमाने द्यायचे.

गाडी मोडली ती भाव वाढल्यानं नाही. 17 मार्च 2023 पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. आमच्या फाट्यापर्यंत तेव्हा 50 रुपये होतं, मॅडमना 25. येऊनजाऊन 50, महिन्याचे 1200, आणि आमच्याकडं सीट 2500. त्यांनी फार संकोचानं सांगितलं, "सर, वाईट वाटून घेऊ नका, पण मला आता परवडतंय तिकडून." वाईट कसलं वाटायचं. मला तर वाटतं की आमच्या भागातल्या नोकरी करणाऱ्या, दवाखान्यात जाणाऱ्या, माहेरी जाणाऱ्या बायकांसाठी गेल्या वीस वर्षांत याच्यासारखा निर्णय झाला नाही. एसटीत सकाळी बघा तुम्ही, निम्म्याच्या वर बायका दिसतात. आधी त्याच बायका घरी होत्या नाहीतर कुणाच्या तरी मोटारसायकलच्या मागं.

मग मे मध्ये क्लार्कनी इलेक्ट्रिक स्कूटर घेतली. 1 जूनपासून केंद्राची सबसिडी कमी होणार, बॅटरीच्या किलोवॉट-तासाला 15 हजाराची 10 हजार आणि मर्यादा किमतीच्या 40 टक्क्यांवरून 15 टक्क्यांवर, हे कळल्यावर त्यांनी सुट्टीतच घाई करून बुक केली. त्यांचं रोजचं चार्जिंग अडीच-तीन युनिट, तीस रुपयांच्या आत. पण 68 किलोमीटर म्हणजे तिच्या ताकदीच्या काठावरच, घरी येताना बॅटरी 15 टक्क्यांवर, त्यात पावसाळ्यात समोरून वारा असला की बोरीपासून पुढं ते 35 च्या वर पळवत नाहीत. शाळेत चार्जिंग लावा असं आम्ही म्हणलं, त्यांनी ऐकलं नाही, शाळेचं वीजबिल गावाच्या वर्गणीतून भरलेलं त्यांनी पाहिलंय. मधल्या सुट्टीत समोरच्या पिठाच्या गिरणीवाल्याकडं तासभर लावतात, त्याला महिन्याचे 300 देतात. ज्याचं अप-डाऊन 40-50 च्या आत आहे त्यानं डोळे झाकून घ्यावी, 68 वाल्यानं दोनदा विचार करावा असं माझं मत. आणि गाडीचं कर्ज आहे त्यांच्यावर अजून, ते धरलं तर फायदा चौथ्या वर्षी दिसायला लागेल.

तर 15 जून 2023 ला शाळा उघडली आणि गाडीत आम्ही तिघं. तरुण सर म्हणले, "सर, आपण तिघंच जायलोत की आता." हिशोब मला तोंडपाठ होता. 109 नं पेट्रोल 412, वर 100, तिघांत 170. मोटारसायकलीएवढंच, किंबहुना पाच रुपये जास्तच. दीड वर्षापूर्वी फळ्यावर जे लिहिलं होतं तेच समोर आलं.

फाट्यावरची मोटारसायकल

मग मी एसटीचा विचार केला, आणि इथं मला कबूल करायचंय की तो मी बारा वर्षांत केलाच नव्हता. कारण फाट्यापासून शाळा दोन किलोमीटर आत. सकाळी ऊन नसतं, चालता येतं, पण वीस-पंचवीस मिनिटं जातात, पावसात काळी माती, चिखल पायाला किलोभर लागतो. त्या दोन किलोमीटरसाठी मी रोज जाताना बत्तीस आणि येताना बत्तीस किलोमीटर मोटारसायकल चालवत होतो. हे एकदा असं वाक्यात लिहून बघितलं आणि मग उत्तर सापडायला वेळ लागला नाही : मोटारसायकल फाट्यावरच ठेवायची. फाट्यावर चहाचं हॉटेल आहे, मागं पत्र्याचं शेड आहे, मालक आमच्याच शाळेचा जुना विद्यार्थी. महिन्याचे दोनशे घे म्हणलं तर घेईना, शेवटी दिवाळीला त्याच्या पोरांना कपडे घेतो. गाडी रात्रीची तिथंच असते. रोजचं चार किलोमीटर, महिन्याला दोन-सव्वादोन लिटर.

एसटीचा मासिक पास कसा असतो ते बऱ्याच जणांना अजून माहीत नाही म्हणून सांगतो, 20 दिवसांच्या येण्याजाण्याचं भाडं भरायचं आणि 30 दिवस फिरायचं. तीन महिन्यांचा घेतला तर 50 दिवसांच्या पैशात 90 दिवस. मला महिन्याचा 2000 पडायचा. फाट्यावरच्या मोटारसायकलचं पेट्रोल धरून 2250. म्हणजे पाच जण भरलेल्या कारपेक्षाही कमी आणि कोण आलं कोण नाही याचा घोर नाही. जानेवारी 2025 ला भाडं 15 टक्क्यांच्या जवळ वाढलं, आता पास 2400 ला आहे. तरी मोटारसायकलच्या साडेतीन हजाराच्या वरच्या खर्चापुढं परवडतं.

फुकट काहीच नाही, वेळ जातो. आधी 9.20 ला निघायचो, आता 8.45 ला. संध्याकाळी घरी यायला पंचवीस मिनिटं उशीर. दिवसाचा तास गेला म्हणा. त्या तासाचं मी काय करतो, तर जाताना वह्या तपासतो, येताना झोपतो. हेल्मेटमध्ये हे दोन्ही करता येत नव्हतं. पण ज्याच्या घरी लहान लेकरू आहे, म्हातारे आईबाप आहेत, त्याला तो तास परवडत नसेल, त्याला मी एसटीनं ये म्हणणार नाही. आमच्या तरुण सरांनी दोन वर्षांपूर्वी बोरीलाच खोली केली, बायकोसकट. त्यांचं पेट्रोल जवळजवळ शून्य झालं. लोक म्हणतात सगळ्यांनीच नोकरीच्या गावी राहावं, मुख्यालयी राहण्याचा नियमही आहे. बरोबर आहे. पण माझी बायको सेलूला, मी बोरीच्या पुढं, मुलगा परभणीच्या कॉलेजात, आमचं मुख्यालय कोणतं धरायचं? नवरा-बायको दोघं नोकरीला असलेल्या घरांना परभणी हाच मध्य पडतो, म्हणून अप-डाऊन आहे. ते आळसातून आलेलं नाही.

शनिवारचं मात्र कोडं सुटलेलं नाही. शनिवारी शाळा सकाळची, साडेसातची, आणि त्या वेळेला पोचवणारी बस नाही. म्हणून शनिवारी विज्ञानाच्या सरांची कार निघते, आम्ही चार जण, मॅडमही, क्लार्कही स्कूटर घरी ठेवून येतात, पैसे त्या दिवसापुरते, माणशी 130. आमची जुनी गाडी अशी आठवड्यातून एकदा जिवंत होते आणि खरं सांगतो, आठवडाभराच्या गप्पा त्या दोन फेऱ्यांतच होतात.

बायकोचा पास नंतर सुरळीत झाला. फेब्रुवारी 2024 च्या शेवटी पॅसेंजरचं किमान भाडं परत 30 चं 10 झालं, त्याचा तिला पासामुळं फरक नव्हता पण तिच्या शाळेतल्या रोज तिकीट काढणाऱ्या शिपाई मावशींना होता. क्रूझर सुटली. आता छत्रपती संभाजीनगर ते परभणी दुहेरी मार्ग मंजूर झालाय, 31 जुलै 2025 ला, 177 किलोमीटरचा. एकेरी लाईनवर समोरून गाडी येईपर्यंत स्टेशनात थांबून राहणं काय असतं ते पेडगाव, मानवत रोड करत सेलू गाठणाऱ्यांना विचारा. दुहेरी झालं आणि सकाळी नऊच्या आत सेलूला पोचवणारी आणखी एक लोकल गाडी मिळाली तर त्या रस्त्यावरच्या किती मोटारसायकली घरी राहतील याचा अंदाज मी तिच्या डब्यातल्या गर्दीवरून लावू शकतो.

आमच्याकडून आम्ही एकच केलंय. शनिवारी सकाळी 6.15 ला जिंतूरकडं जाणारी एक फेरी मिळावी म्हणून अर्ज लिहिलाय. नुसता "सोय व्हावी" असा नाही लिहिला, रस्त्यावरच्या अकरा शाळा फिरून कुठल्या थांब्यावर किती माणसं चढतील, त्यात बायका किती, पास किती जण काढतील, परत कितीला लागेल, असा तक्ता जोडला. 63 सह्या झाल्या. त्यातल्या 41 जण आज शनिवारी स्वतःची मोटारसायकल काढतात. अर्ज देऊन पाच आठवडे झाले, येत्या सोमवारी मी आणि मॅडम परत जाऊन येणार आहोत, वही सोबत घेऊन.